कुत्रा पाळीव, फाटक उघडे

गोव्यात कुत्र्यांचा विषय निघाला की चर्चा दोन वाटांनी जाते. एक वाट भटक्या कुत्र्यांची, दुसरी पिटबुल आणि रॉटवायलरची. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्हींवर अलीकडे न्यायालयांत व विधानसभेत बरेच काही घडले आहे. पण पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या माणसाची रोज ज्या कुत्र्याशी गाठ पडते, तो बहुधा या दोन्हींत बसत नाही. तो शेजाऱ्याचा असतो. त्याला नाव असते, गळ्यात पट्टा असतो, दोन वेळचा भात आणि मासळीचे काटे त्याला मिळतात, आणि फाटक उघडे असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ तो रस्त्यावर असतो. कागदोपत्री पाळीव, व्यवहारात मोकाट. या तिसऱ्या कुत्र्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही आणि माझ्या मते आपला रोजचा धोका तिथेच आहे.

आधी घडले काय ते पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे सात वर्षांच्या एका मुलाचा पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून हिंस्र ठरवलेल्या २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले होते. ते पत्र फार टिकले नाही. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकून न घेता असा हुकूम काढता येत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. म्हणजे हणजूणची घटना घडली तेव्हा केंद्राची बंदी कागदावरही उरली नव्हती.

त्यानंतर राज्य सरकारने स्वतःचा मार्ग धरला. पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदी आणण्याचे जाहीर झाले आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात प्राण्यांची पैदास व पाळणूक यांचे नियमन आणि भरपाई यासंबंधीचे विधेयक पशुसंवर्धन मंत्री नीळकंठ हळर्णकर यांनी विधानसभेत आणले. वर्तमानपत्रांत सगळा भर ‘बंदी’ या शब्दावर राहिला. मला त्या लांबलचक नावातला शेवटचा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो: भरपाई. त्याकडे पुढे येतो.

बंदीबद्दल माझे मत असे की ती असावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका ८२ वर्षांच्या आजींना घरच्याच पिटबुलने ठार केले. त्या बातमीने देशभर या जातीची दहशत बसली आणि ती अनाठायी नाही. असा कुत्रा चावला की सोडत नाही, हे खरे. पण जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात खाद्यपदार्थ पोचवायला गेलेला २३ वर्षांचा तरुण कुत्रा अंगावर आला म्हणून पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि पुढे दगावला. तो कुत्रा जर्मन शेफर्ड होता. केंद्राच्या २३ जातींत जर्मन शेफर्ड नाही. आपल्या गावठी कुत्र्याचा तर कुठल्याच यादीत समावेश होणार नाही, आणि वाडीवर मिळणारे निम्मेअधिक ‘पिटबुल’ तरी कागदोपत्री पिटबुल आहेत हे कोण सांगणार? पिल्लू घेताना जात विचारली जाते, दाखला कुणी मागत नाही.

ब्रिटनचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे १९९१ मध्येच पिटबुलसह चार जातींवर बंदी आली. तीस वर्षांनी ‘एक्सएल बुली’ नावाच्या वेगळ्याच कुत्र्याच्या हल्ल्यांत माणसे मरू लागली आणि फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये तो कुत्रा खास सूट घेतल्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरला. एक जात बंद केली की हौशी मंडळी दुसरी शोधतात. पण त्याच १९९१ च्या कायद्यात दुसरे एक कलम आहे आणि ते शहाणपणाचे आहे: कुत्रा कोणत्याही जातीचा असो, तो धोकादायक रीतीने ताब्याबाहेर गेला तर मालक दोषी.

असे कलम आपल्याकडे नाही असे समजू नका. भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम नेमके तेच सांगते. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ क्रमांकाने १८६० पासून होते आणि दंड एक हजार रुपये होता. १८६० चे हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आजचे पाच हजार म्हणजे एका चांगल्या जातीच्या पिल्लाची किंमतही नव्हे. पण कलम आहे, आणि त्यात जातीचे नाव नाही. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली की आपली जबाबदारी संपली असे अनेक मालक मानतात. मला तर उलट वाटते. कुत्रा धोकादायक आहे हे मालकाला ठाऊक होते, याचा तो स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा आहे.

मग या कलमाखाली तक्रारी का होत नाहीत? कारण भीड. शहरात शेजारी बदलतो, गावात शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. ज्याच्या कुत्र्याने पोटरी फोडली त्याच्याच घरी उद्या लग्नाचे आमंत्रण, परवा गाऱ्हाण्याला एकत्र उभे राहणे, आणि विहिरीची वाट त्याच्याच अंगणातून. पोलिसांत कोण जाणार? मग मालक म्हणतो, ‘भियेनाका, तो चाबना’, आणि चावल्यावर म्हणतो, ‘आजवर कधी चावला नव्हता.’ औषधाचे पैसे पुढे केले जातात, ते नाकारले जातात, आणि विषय मिटतो. पुढच्या वेळी चावा बसतो तो भीड घालायलाही ज्याला जागा नाही अशा माणसाला: सकाळी सायकलवरून येणारा पोदेर, टोपली घेऊन फिरणारी मासेवाली, सिलिंडर आणणारा, मीटर वाचणारा, कुरियरचा मुलगा, धुण्याभांड्याला येणारी बाई. यांच्यातल्या कुणाला आपल्या दारात कुत्रा चावला तर तो दुसऱ्या दिवशी त्याच दारात यायला बांधलेला असतो.

याची दुसरी बाजू आणखी चमत्कारिक आहे. नसबंदीसाठी कुत्रे पकडणारी गाडी आली की वाड्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला मालक असतो. चावा बसला की तोच मालक म्हणतो, ‘तो आमचा नव्हेच, नुसता जेवायला येतो.’ प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, आणि भटक्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांना नसबंदी व लसीकरणानंतर त्यांच्या मूळ जागी सोडावे, रेबीज झालेल्या व आक्रमक कुत्र्यांना सोडू नये आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवावीत, असा आदेश दिला. हे सगळे ज्या विभागणीवर उभे आहे, ती पाळीव आणि भटका ही विभागणीच आपल्या गावात धड नाही.

त्यात गेल्या काही वर्षांत पेडण्याचे रूप पालटले. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि जमिनींबरोबर घरेही बदलली. मालक दिल्लीत किंवा बंगळुरात, बंगला पेडण्यात, आणि राखणीला परदेशी जातीचा दांडगा कुत्रा. त्याला सांभाळतो पगारी राखणदार, ज्याचे तो कुत्रा ऐकेलच असे नाही. मालक वर्षातून चार वेळा येणार. एवढ्यात कुत्र्याला माणसाची सवय काय लागणार? डिचोलीच्या कुळागरांत वेगळी तऱ्हा. तिथे कुत्रा दिवसभर साखळीला आणि रात्री मोकळा. दिवसभर बांधलेला कुत्रा सुटला की कसा असतो हे कुळागरवाल्यांना सांगायला नको.

मोठ्या शहरांत आता कुत्र्यांसाठी वेगळी उद्याने होत आहेत. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला असे एक उघडले. कुंपण घातलेली, कुत्री मोकळी सोडायची जागा असली की बाकीच्या रस्त्यावर त्यांना साखळीत ठेवा असे मालकाला ठणकावून सांगता येते. आपल्याकडे ते काम केरी, हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजीचे किनारे करतात, पण तिथे कुंपण नाही. सकाळी सहा वाजता मोरजीच्या वाळूत एका बाजूला साखळीतला लॅब्राडोर, दुसऱ्या बाजूला मोकळा सोडलेला हस्की, आणि मध्ये किनाऱ्यावरच्या सात-आठ कुत्र्यांचा कळप. हंगामात शॅकवर आणि पर्यटकांच्या लाडावर वाढलेली पिल्ले जूनमध्ये शॅक उतरले की उपाशी पडतात, आणि पावसाळ्यात ओस पडलेल्या किनाऱ्यावर हाच कळप एकट्यादुकट्याच्या मागे लागतो. (मोरजीला सागरी कासवे अंडी घालतात; ती उकरून खाण्यात ही कुत्रीच पुढे असतात, हे वन खात्याच्या माणसांना विचारावे.)

अशा जागी दुसऱ्याच्या कुत्र्यापासून स्वतःला कसे जपायचे, याच्या साध्या गोष्टी आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होत्या, आपण विसरलो. पहिली म्हणजे पळायचे नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. थांबावे, अंग थोडे तिरके ठेवावे, हात जवळ घ्यावेत, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि त्याचे लक्ष उडाले की पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे. हातात छत्री, पिशवी, काठी काही असेल तर ती मारायला न उगारता त्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी. झेप घेतलीच तर दात पिशवीत घुसू द्यावेत. खाली पडलो तर पोट आणि चेहरा आत घेऊन, मानेवर हात धरून गोळा व्हावे. स्कूटरच्या मागे लागला तर वेग वाढवण्यापेक्षा कमी करणे बरे, कारण अशा वेळी हातपाय मोडतात ते बहुधा चाव्याने नव्हे, घसरून. आमच्या वयाच्या माणसांनी तर पडण्यालाच अधिक भ्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अहमदाबादचे चहा उद्योजक पराग देसाई कुत्रे मागे लागल्याने पडले आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. अंगावर चाव्याची खूण नव्हती, असे इस्पितळाने सांगितले होते.

शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा मोठा गैरसमज. ताठ उभी शेपटी झटक्या-झटक्याने हलत असेल, अंग आखडलेले असेल, तर तो इशारा असतो. गुरगुरणे हाही इशाराच, आणि तो कुत्र्याचा प्रामाणिकपणा आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणारा मालक त्याला न सांगता चावायला शिकवतो. खाणारा, झोपलेला, पिल्लांजवळचा आणि बांधलेला, या चार कुत्र्यांजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये. ओळखीच्या कुत्र्यालाही मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि लावायचाच तर डोक्यावरून नव्हे, बाजूने. दोन कुत्री भांडत असताना मध्ये हात घालणे म्हणजे दोन्हींचा चावा घेणे. आपला छोटा कुत्रा उचलून छातीशी धरला तर दुसरा उडी मारतो ती आपल्या तोंडावर.

बँकेत असताना वसुलीसाठी आम्हाला घरोघर फिरावे लागे. तेव्हाचा नियम असा: फाटकाची कडी वाजवायची, मालकाला नावाने हाक मारायची, आणि आतून माणसाचा आवाज आल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. कर्जदार घरी नाही असे आतूनच सांगणारे पुष्कळ भेटले. कुत्रा मात्र हमखास घरी असे. आजच्या कुरियरच्या मुलाला हा नियम पाळायची सवड नसते. त्याचा फोन आला की कुत्रा बांधून आपणच फाटकापर्यंत जावे.

सणांच्या दिवसांत विशेष सांभाळायला हवे. चवथीला मुंबईहून नातेवाईक येतात, घर मुलांनी भरते, घुमटआरतीची मंडळी रात्री अकरालाही दारात येतात, अंगणात फटाके. घरच्या कुत्र्याला यातले निम्मे चेहरे अनोळखी असतात आणि आवाजाने तो आधीच बिथरलेला असतो. शिगम्याच्या रोमटात ढोल-ताशांनी तेच, आणि पेडण्याच्या पुनवेच्या गर्दीत तर कुत्र्याला सोबत नेणे हा शुद्ध वेडेपणा. मागच्या खोलीत पाण्याचे भांडे ठेवून दार लावून घेतले की काम झाले. मुलांना आधीच सांगून ठेवावे की ते दार उघडायचे नाही.

चावलाच तर काय, हे मात्र नीट लक्षात ठेवावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. दंडात घ्यायची रेबीजची लस पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात; कातडीत टोचायच्या पद्धतीत वेळापत्रक थोडे वेगळे असते. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेतच वेगळे प्रतिद्रव्याचे इंजेक्शन द्यावे लागते. पहिल्या दोन डोसांनंतर बरे वाटले म्हणून थांबणारे लोक मी पाहिले आहेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय नाही, एवढे सांगणे पुरे. नखाचा ओरखडा किंवा जखमेवर चाटणे हेही डॉक्टरांना दाखवावे.

या बाबतीत गोव्याची कामगिरी अभिमानाची आहे. सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी २०१४ पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले, आणि २०१८ पासूनची काही वर्षे राज्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पण पत्रादेवीच्या पलीकडे बांदा आहे आणि डिचोलीच्या पलीकडे दोडामार्ग. कुत्रे नाक्यावर थांबत नाहीत. आपल्या दोन तालुक्यांत पाळीव कुत्र्याचे लसीचे कार्ड चुकवणे म्हणजे सीमेवरचे दार उघडे ठेवणे.

आता भरपाईकडे. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कुत्र्याच्या चाव्यासाठी दर दातामागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान वीस हजार, असे कोष्टकच घालून दिले. तो निकाल त्या राज्यांपुरता आहे आणि भरपाईची मुख्य जबाबदारी तिथे सरकारवर टाकली आहे. पण मोजमाप पाहा. चार दात लागले तर चाळीस हजार. आपल्याकडे पोदेराच्या पायाला चार दात लागले तर त्याला इंजेक्शनाला जाण्याचे पेट्रोल मिळते, तेही मालक भला असेल तर. त्याचे चार दिवसांचे पाव कोण विकणार?

वाहनाला त्रयस्थ विमा सक्तीचा आहे, कारण रस्त्यावर आणलेल्या वस्तूने दुसऱ्याची हानी झाली तर मालकाच्या खिशात पैसे असतीलच याची खात्री नसते. मोठ्या कुत्र्याला हाच न्याय लावायला काय हरकत आहे? काही सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे पाळीव कुत्र्याच्या विम्यात त्रयस्थाला झालेल्या इजेची तरतूद करता येते. विमा असला की भिडेचा प्रश्नही बराच सुटतो. शेजाऱ्याच्या खिशात हात घालावा लागत नाही, दावा कंपनीकडे जातो आणि लग्नाचे आमंत्रण टिकते. शिवाय कंपनी लसीचे कार्ड मागते, म्हणजे लसही वेळेवर टोचली जाते.

यासाठी आधी कुत्रा कुणाचा हे लिहून ठेवलेले असले पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा: प्रत्येक घरात किती कुत्री, लस कधी, नसबंदी झाली की नाही, आणि गळपट्ट्याला घरक्रमांकाचा बिल्ला. बिल्ला असलेला कुत्रा चावला तर मालक ठरलेला. बिल्ला नसलेला कुत्रा नसबंदीच्या गाडीत जाईल, मग कुणी ‘तो आमचा’ म्हणून धावत यायचे नाही. एखाद्या पंचाने फक्त पिटबुलची यादी करू असे सुचवले तर नम्रपणे नाही म्हणावे. पंचायतीकडे घरपट्टीची वही आहेच. तिच्यात एक रकाना वाढवायचा आहे.